संत ऑगस्टीन आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी, चर्चमधल्या अभ्यासगटांत येणारी मंडळी आणि तत्त्वज्ञानाच्या वाटेने ऑगस्टीनपर्यंत पोहोचलेले वाचक या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्टीन यांचे बहुतेक लेखन कुणाला तरी दिलेले उत्तर आहे. कुणी शंका विचारली, कुणी वाद घातला, कुणी मदत मागितली आणि त्यांनी लेखनिकाला बोलावून मजकूर सांगायला सुरुवात केली. नंतरच्या शतकांनी त्या उत्तरांची शिस्तबद्ध तत्त्वप्रणाली केली. मूळ प्रश्न कोणता होता हे विसरून नुसते उत्तर वाचले की ऑगस्टीन हमखास चुकीचे समजतात.

ऑगस्टीन नेमके कोण होते?

त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 354 रोजी रोमन उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावी झाला. आज हे गाव अल्जीरियात आहे आणि त्याचे नाव सूक अहरास. वडील पॅट्रिशियस थोडीफार जमीन बाळगून होते. त्यांनी अगदी शेवटी शेवटी बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका मात्र पक्की ख्रिस्ती. ऑगस्टीन वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक झाले आणि कार्थेज, रोम व मिलान इथे त्यांनी शिकवले. 387 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 391 मध्ये ते हिप्पो या बंदराच्या गावी धर्मगुरू झाले आणि चारपाच वर्षांतच बिशप. पुढची सुमारे पस्तीस वर्षे ते तिथेच राहिले. 28 ऑगस्ट 430 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वँडल या जर्मनिक टोळीच्या सैन्याने शहराला वेढा घातलेला होता.

म्हणजे ते युरोपियन नव्हते?

नव्हते. इटलीत त्यांनी आयुष्यातली जेमतेम पाच वर्षे काढली. तिथले लोक त्यांच्या लॅटिन उच्चारांत खोट काढायचे, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हातारपणी त्यांच्याशी वाद घालणारे एक्लानमचे बिशप ज्युलियन त्यांना 'प्यूनिक', म्हणजे कार्थेजकडचा, असे हिणवत. टर्टुलियन, सिप्रियन आणि ऑगस्टीन हे लॅटिन ख्रिस्ती विचाराचे तीन आधारस्तंभ आफ्रिकेचे आहेत. 'पाश्चात्त्य ईश्वरविज्ञान' हा शब्द वापरताना याची आठवण असलेली बरी.

कँटरबरीचे संत ऑगस्टीन ते हेच का?

नाही. ते वेगळे. ते 597 मध्ये पोप ग्रेगरी यांच्या आज्ञेने इंग्लंडला गेलेले मठवासी होत. दोघांमध्ये जवळपास दोनशे वर्षांचे अंतर आहे.

तरुणपणी ते फार बिघडलेले होते, हे खरे का?

त्या काळच्या मानाने त्यांचे वागणे जगावेगळे नव्हते. कार्थेजला शिकत असताना त्यांनी एका स्त्रीशी संबंध जोडला आणि लग्नाविना ते दोघे वर्षानुवर्षे एकत्र राहिले. त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. पुढे मिलानमध्ये वरच्या घराण्यातली सोयरीक जमवण्यासाठी त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. आपण पुन्हा कुणा पुरुषाशी संबंध ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन ती गेली आणि मुलगा बापाकडे राहिला. आपले काळीज तिला चिकटलेले होते, ते फाटले आणि रक्त ठिबकत राहिले, असे ऑगस्टीन लिहितात. पण तिचे नाव ते कुठेही देत नाहीत. त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत जास्त सलणारा भाग हाच आहे. ठरलेले ते लग्नही शेवटी झाले नाही.

त्यांना स्वतःला छळत राहिलेली आठवण वेगळीच होती. सोळाव्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी पैसे नव्हते, म्हणून ते घरी रिकामे बसून होते. एका रात्री मित्रांबरोबर त्यांनी शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे पाडली आणि ओझे भरून पळवली. फळे दिसायला चांगली नव्हती, चवीलाही नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे फेकली. मग चोरी केली कशासाठी? या प्रश्नावर त्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. एकटा असतो तर केली नसती, असेही ते सांगतात. वाईट गोष्ट निव्वळ वाईट म्हणून हवीशी वाटते, ती का, या प्रश्नाने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

ते आधी दुसऱ्या पंथात होते ना?

हो. ते सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचे 'श्रोते', म्हणजे खालच्या पायरीचे अनुयायी, होते. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे एकमेकांशी झगडत आहेत, अशी या पंथाची शिकवण होती. 'जगात दुष्टपणा कुठून आला?' या प्रश्नाला तिथे सरळ उत्तर मिळत होते. पंथाचे नावाजलेले पुढारी फाउस्टुस प्रत्यक्ष भेटले. बोलणे गोड, वागणे नम्र, पण ऑगस्टीन यांच्या शंकांना उत्तर नाही. तिथून मन उडत गेले. पुढे प्लेटोच्या परंपरेतली पुस्तके वाचून त्यांना वेगळी वाट दिसली. दुष्टपणा ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्यातली उणीव आहे. हा विचार त्यांच्याकडून तेराव्या शतकातले विचारवंत थॉमस अॅक्वायनस यांच्यापर्यंत गेला आणि पाश्चात्त्य विचारात कायमचा मुरला.

मिलानच्या बागेत काय घडले?

386 चा उन्हाळा. बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकून बुद्धीच्या शंका बऱ्याच फिटल्या होत्या, पण जुन्या सवयी सुटत नव्हत्या. 'मला ब्रह्मचर्य दे, पण इतक्यात नको' ही त्यांची प्रसिद्ध प्रार्थना तरुणपणची. त्या दिवशी मित्र अलिपियुस जवळच बसलेले असताना ऑगस्टीन उठून अंजिराच्या झाडाखाली जाऊन रडू लागले. शेजारच्या घरातून 'उचल आणि वाच, उचल आणि वाच' असे एका मुलाचे किंवा मुलीचे गाणे कानी आले. असा खेळ मुले खेळतात का, हे ते आठवून पाहू लागले. आठवेना. मग परत येऊन पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या ओळींवर नजर पडली : चैनबाजी आणि भांडणे सोडा, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा. पुढच्या वर्षी ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. अलिपियुस आणि पंधरा वर्षांचा अदेओदातुस यांचाही बाप्तिस्मा त्यांच्याबरोबरच झाला. हा हुशार मुलगा थोड्याच वर्षांत वारला.

'कन्फेशन्स' म्हणजे पापांची कबुली का?

फक्त कबुली नव्हे, स्तुतीही. सगळे पुस्तक देवाला उद्देशून आहे आणि वाचक बाजूला उभा राहून ते ऐकतो. बिशप झाल्यानंतर लवकरच, सुमारे 397 ते 401 या काळात ते लिहिले गेले. एकूण तेरा भाग आहेत. पहिल्या नऊ भागांत आयुष्य येते, दहाव्यात स्मृतीचा शोध, अकराव्यात काळाचा विचार. काळ म्हणजे काय, हे कुणी विचारले नाही तर मला ठाऊक आहे, विचारणाऱ्याला समजावून सांगू गेलो तर ठाऊक नाही, हे तिथलेच वाक्य. ख्रिस्ती श्रद्धेशी काही देणेघेणे नसलेले तत्त्वज्ञही हा अकरावा भाग आजही बारकाईने वाचतात.

बिशप म्हणून त्यांचा दिवस कसा जात असे?

आपल्याला वाटते तितका तो निवांत नव्हता. त्या काळी बिशपकडे दिवाणी तंटे येत. वाटणीची भांडणे, जमिनी, कर्जे, वारसा असल्या गोष्टी ऐकण्यात त्यांचा पुष्कळ वेळ जाई आणि त्याबद्दल ते कुरकुरत. जेवण साधे असे. गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला या पंगतीत जागा नाही, अशा अर्थाच्या ओळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लिहवून घेतल्या होत्या. हे त्यांचे शिष्य आणि चरित्रकार पोसिडियस यांनी सांगितले आहे.

त्यांची काही हरवलेली पत्रे 1981 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक पत्र अलिपियुस यांना लिहिलेले आहे. गुलामांचे व्यापारी किनाऱ्यावर टोळ्या घेऊन फिरत, खेड्यांतल्या स्वतंत्र माणसांना पळवत आणि हिप्पोच्या बंदरातून जहाजांवर चढवत. ऑगस्टीन गावी नसताना चर्चच्या लोकांनी अशा सुमारे 120 जणांची सुटका केली. त्यांतले आईबापांनी विकलेले जेमतेम पाचसहा, बाकीचे पळवून आणलेले. आता व्यापाऱ्यांचे वजनदार पाठीराखे ही माणसे परत मागत होते आणि ऑगस्टीन कायद्याचा आधार शोधत होते. गुलामगिरीची प्रथाच मोडावी, असे ते म्हणत नाहीत. पापाने बिघडलेल्या जगाचा तो भाग आहे, असे मानून ते थांबतात. पत्र वाचताना त्यांची कळकळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही दिसतात.

आदिपापाचा सिद्धान्त ऑगस्टीन यांनी शोधून काढला का?

आदामाच्या पतनाचा परिणाम सगळ्या मानवजातीवर झाला, ही समजूत त्यांच्या आधीची आहे. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देण्याची चालही जुनी. ऑगस्टीन यांनी भर घातली ती अशी : आपल्याकडे नुसती दुर्बलता किंवा मृत्यू येत नाही, दोषही येतो. जन्मतःच माणूस अपराधी ठरतो. यातून, बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांचे काय, हा भयंकर प्रश्न उभा राहिला. त्यांना अगदी सौम्य का होईना पण शिक्षा होते, असे उत्तर त्यांनी दिले. ते देताना आपण किती कोंडीत सापडतो, हे त्यांनी लपवलेले नाही. कॅथलिक चर्च पुढे या उत्तरापासून हळूहळू दूर गेले. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने 2007 मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असे म्हटले.

पेलेगियस यांच्याशी वाद कशावरून झाला?

पेलेगियस हे ब्रिटनहून रोमला आलेले, कडक शिस्तीचे आणि सदाचरणी गृहस्थ होते. नावापुरत्या ख्रिस्ती झालेल्या श्रीमंत रोमन लोकांचे वागणे पाहून ते अस्वस्थ होत. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ऑगस्टीन देवाला म्हणतात, 'तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर.' रोममध्ये कुणीतरी हे वाक्य पेलेगियस यांच्यासमोर उच्चारले आणि त्यांना ते सहन झाले नाही. माणसाने हातपाय गाळून बसायला ही चांगलीच सबब झाली, असे त्यांना वाटले. देवाने आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याची ताकदही माणसाच्या स्वभावात घातली आहे. मग पाळा.

ऑगस्टीन यांचा अनुभव याच्या उलट होता. काय करायला हवे हे लखलखीत कळत असूनही वर्षानुवर्षे ते हातून झाले नव्हते. इच्छाच आजारी आहे. तिला नुसते आदेश आणि उदाहरणे पुरत नाहीत, ती बरी व्हावी लागते आणि बरे करणे देवाचे काम आहे. चांगले करण्याची ओढसुद्धा देवाच्या कृपेनेच मनात उपजते.

बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असे चित्र असते की पेलेगियस आले म्हणून कृपेचा सिद्धान्त आला. तसे नाही. बिशप झाल्यानंतर लगेच, म्हणजे 396 च्या सुमारास, मिलानच्या सिम्प्लिसियन यांनी रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाविषयी शंका विचारल्या होत्या. तेव्हाच्या उत्तराबद्दल म्हातारपणी ऑगस्टीन लिहितात, की मी माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या बाजूने झगडलो, पण देवाची कृपा जिंकली. पेलेगियस यांच्याशी प्रत्यक्ष वाद सुरू झाला तो त्यानंतर पंधराएक वर्षांनी. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेगियस यांची मते त्याज्य ठरवली.

माझे मत विचाराल तर मुख्य मुद्द्यावर ऑगस्टीन बरोबर होते. व्यसनात अडकलेल्या माणसाजवळ जो बसला आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. पण वादाच्या भरात ते जिथवर गेले तिथवर जाणे मला जमत नाही.

जिथवर गेले म्हणजे कुठवर?

पूर्वनियोजनापर्यंत. सगळी मानवजात दोषी आहे आणि त्यातून देव काहींना निवडतो. का निवडतो, ते त्याच्या अगाध न्यायात दडलेले आहे. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, मठवासींनी तेव्हाच हरकत घेतली होती. 529 च्या ऑरेंज परिषदेने कृपेचा सिद्धान्त स्वीकारला, पण देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो हे मत धिक्कारले. हजार वर्षांनी प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन यांनी ऑगस्टीन यांचाच आधार घेत पूर्वनियोजनाला कडक रूप दिले.

धर्मात जबरदस्तीचे समर्थन त्यांनी केले होते का?

केले होते आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. अशा बाटग्यांनी दिलेले बाप्तिस्म्यासारखे संस्कार खरे नाहीत, असे म्हणणारा डोनॅटिस्ट पंथ आफ्रिकेत फोफावला होता. ऑगस्टीन येण्यापूर्वी हिप्पोत त्यांचे इतके प्राबल्य होते, की त्यांच्या बिशपने भटारखान्यांना कॅथलिकांसाठी पाव भाजण्याची मनाई केली होती. पंथातल्या काही टोळ्या सोटे घेऊन हाणामारीही करत.

ऑगस्टीन यांचे वैचारिक उत्तर भक्कम होते. संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नसतो. चर्च ही सध्या संत आणि पापी यांची सरमिसळ आहे, निवड शेवटी देव करील. पाश्चात्त्य चर्चची संस्कारांविषयीची समजूत आजही याच पायावर उभी आहे.

आरंभी ते म्हणत, की फक्त चर्चा करावी, सक्ती नको. नंतर शाही कायद्यांच्या धाकाने गावेच्या गावे परत येताना त्यांनी पाहिली आणि सुमारे 408 मध्ये विरोधी गोटातले बिशप व्हिन्सेंटियस यांना लिहिलेल्या पत्रात मत बदलल्याचे सांगितले. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात 'त्यांना आत येण्यास भाग पाड' असे शब्द आहेत, त्यांचा आधार त्यांनी घेतला. 411 मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले आणि निकाल डोनॅटिस्टांविरुद्ध लागला. ऑगस्टीन यांनी देहदंडाला विरोध केला, गुन्हेगारांना ठार मारू नका म्हणून अधिकारी मार्सेलिनुस यांना विनवले. पण पुढच्या शतकांत छळ करणाऱ्यांनी विनवणी बाजूला ठेवली आणि दाखल्याचा तेवढा अर्थ उचलला. त्यांच्या वारशातली ही सर्वांत मोठी हानी आहे, असे मी मानतो.

'देवाचे नगर' हा ग्रंथ का लिहिला?

24 ऑगस्ट 410 रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. जुने देव सोडले म्हणून ही पाळी आली, असे निर्वासित म्हणू लागले. 413 ते 426 या काळात लिहिलेले बावीस भाग हे त्याला उत्तर. दोन प्रेमांनी दोन नगरे वसवली : देवाला विसरायला लावणाऱ्या स्वप्रेमाने ऐहिक, स्वतःला विसरायला लावणाऱ्या देवप्रेमाने स्वर्गीय. दोन्ही नगरांची माणसे या जगात एकमेकांत मिसळून राहतात, म्हणून कोणतेही साम्राज्य देवाचे राज्य ठरत नाही, ख्रिस्ती साम्राज्यसुद्धा. न्याय काढून घेतला तर राज्ये म्हणजे मोठ्या दरोडेखोर टोळ्याच, असे ते चौथ्या भागात म्हणतात. लगेच अलेक्झांडरपुढे आणलेल्या चाच्याची गोष्ट येते : मी लहान जहाजाने करतो म्हणून चाचा, तू मोठ्या आरमाराने करतोस म्हणून सम्राट.

पवित्र त्रैक्याबद्दल त्यांनी नवे काय सांगितले? पौर्वात्य चर्चला ते का पटत नाही?

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. माणूस देवाची प्रतिमा असेल तर त्याच्या मनात त्रैक्याची छाया दिसायला हवी, म्हणून त्यांनी स्मृती, आकलन आणि इच्छा या तिहींचा विचार केला. मन एकच, पण तिन्ही वेगळी ओळखता येतात. पवित्र आत्मा पिता आणि पुत्र यांच्यातला प्रेमबंध आहे आणि तो दोघांपासून निघतो, ही मांडणी पश्चिमेत रुजली. पुढे 'आणि पुत्रापासून' हे शब्द लॅटिन मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या निवेदनात, शिरले आणि पूर्व व पश्चिम यांच्यात फूट पडण्याचे ते एक मोठे कारण ठरले. पूर्वेची ऑर्थोडॉक्स परंपरा ऑगस्टीन यांना मान देते, पण तिचे गुरू ग्रीक भाषेतले. जन्मजात दोषाची कल्पनाही तिने घेतली नाही.

ते कॅथलिकांचे की प्रोटेस्टंटांचे?

दोघांचेही. 1298 मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी त्यांना चर्चच्या चार थोर लॅटिन आचार्यांत गणले. मार्टिन लूथर 1505 मध्ये एरफुर्टला दाखल झाले तो मठ ऑगस्टिनियन संघाचाच. कृपेबद्दलचे ऑगस्टीन लूथर-कॅल्विन यांनी उचलले, चर्च आणि संस्कारांबद्दलचे ऑगस्टीन रोमने. सतराव्या शतकात कॅथलिक बिशप जॅन्सेन यांच्या अनुयायांवरून कॅथलिकांच्या घरातही हेच भांडण पेटले. मे 2025 मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे ऑगस्टिनियन संघाचे आहेत. 'तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती, तुमच्यासाठी मी बिशप' हे ऑगस्टीन यांचे शब्द त्यांनी पहिल्याच भाषणात उद्धृत केले.

जुन्या गोव्यातल्या बुरुजाशी त्यांचा काय संबंध?

तो 46 मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा बुरूज ऑगस्टिनियन मठवासींच्या चर्चचा आहे. ते 1572 मध्ये गोव्यात आले. शेजारचा संत मोनिका मठ ऑगस्टीन यांच्या आईच्या नावाने जोगिणींसाठी (नन्ससाठी) बांधला गेला आणि 1627 मध्ये पूर्ण झाला. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, त्यानंतर पडझड सुरू झाली. बुरुजातली घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष याच भग्न वास्तूत सापडले आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. याच संघाचे गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी 1599 च्या उदयंपेरूर परिषदेत केरळच्या संत थोमा ख्रिस्ती लोकांवर लॅटिन शिकवण लादली. ऑगस्टीन यांची परंपरा आपल्या किनाऱ्यावर आली ती अशी, प्रार्थना आणि सक्ती दोन्ही घेऊन.

समुद्र खड्ड्यात भरणाऱ्या मुलाची गोष्ट खरी का?

त्रैक्याचा विचार करत किनाऱ्यावर फिरणाऱ्या ऑगस्टीन यांना समुद्र खड्ड्यात भरू पाहणारे मूल दिसले, अशी ती गोष्ट. ती नंतरची दंतकथा आहे. 'आवश्यक बाबींत ऐक्य, अनावश्यक बाबींत स्वातंत्र्य' हे वचनही त्यांचे नाही. 'प्रेम कर आणि मग हवे ते कर' हे मात्र त्यांचेच, योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनातले. पण तिथे विषय चुकलेल्याला शिस्त लावण्याचा आहे. मोकाट वागण्याची ती परवानगी नव्हे.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'कन्फेशन्स'चे पहिले नऊ भाग आधी वाचावेत. मग योहानाच्या पहिल्या पत्रावरची दहा प्रवचने, कारण समोर बसलेल्या कोळी-हमालांशी ते कसे बोलत हे तिथे कळते. 'देवाचे नगर' सलग वाचू नये. एकोणिसावा भाग आधी घ्यावा, त्यात शांतीचा विचार आहे. पेलेगियसविरोधी लेखन सर्वांत शेवटी आणि तेही पेलेगियस यांनी देमेत्रियास या तरुणीला लिहिलेले पत्र शेजारी ठेवून.